मोटरहोमचा हीटर: गॅस कधी, वीज कधी

ट्रुमा कॉम्बी ६ ई हा मोटरहोममधला (राहण्याची सोय असलेल्या गाडीतला) हवा आणि पाणी तापवणारा हीटर गॅसवर, विजेवर किंवा दोन्हींवर चालतो. कॅम्पसाइटवर वीज जोडण्याआधी खांबावरचा ब्रेकर बघा. तो ६ अँपिअरचा असेल तर ९०० वॉटच निवडा; १८०० वॉटला जवळपास ८ अँपिअर लागतात, ब्रेकर पडतो. कडाक्याच्या थंडीत नुसती वीज पुरत नाही. तेव्हा मिक्स मोड उत्तम: आधी वीज, कमी पडेल तेवढाच गॅस. सिलिंडर प्रोपेनचाच घ्या. शून्य अंशाच्या आसपास ब्यूटेनचा वायूच होत नाही आणि हीटर ऐन मध्यरात्री बंद पडतो.

हीटरमधल्या बॉयलरमध्ये (पाणी तापवायच्या टाकीत) पाणी टिकत नसेल तर आधी फ्रॉस्टकंट्रोल, म्हणजे पाणी आत गोठू न देणारी झडप तपासा. साधारण ३ अंशांना ती आपोआप उघडून १० लिटर पाणी सोडून देते. झडपेजवळचं तापमान ७ अंशांच्या वर गेल्यावरच ती हाताने बंद करा, नाहीतर बसतच नाही. धुराड्यावरचा बर्फ रोज काढा.