जुन्या साडीचा कुर्ता: स्केच नंतर, आधी कापड बेता

फॅशन डिझाईनच्या थर्ड इयरच्या प्रोजेक्टला ज्युरीतल्या (काम तपासणाऱ्या परीक्षकांतल्या) एका बाईंनी मला एकच प्रश्न विचारला होता, "ह्याची कातरण कुठंय?" तोपर्यंत मी सस्टेनेबल, स्लो फॅशन, इको-फ्रेंडली सगळं बोलून मोकळी झालेले, आणि कातरण, म्हणजे कापून उरलेले तुकडे, आदल्या रात्री हॉस्टेलच्या कचऱ्याच्या डब्यात दोन पिशव्या भरून टाकलेली. खोटं बोलता आलं नाही, मार्क गेले ते गेलेच.

त्याच्यानंतर गेल्या दीड वर्षात जे चुकतमाकत शिकले ते इथं लिहितेय. घरी एखादी जुनी सुती साडी पडून असेल, जी आई आज ना उद्या बोहारणीला देऊन एक स्टीलचा डबा घेणार आहे, तर तिच्यातून दोन कुर्ते निघतात. मापं खाली देतेय ती माझ्या स्वतःच्या कुर्त्याची आहेत, ३४-३६ छातीला बसतात, तुमच्याप्रमाणे बदला.

कॉलेजात आम्हाला आधी मूडबोर्ड (कल्पनेची चित्रं-रंग चिकटवलेला बोर्ड), मग स्केच, मग पॅटर्न आणि सगळ्यात शेवटी कापड असं शिकवलं. ह्यात गडबड अशी होते की कागदावर सुंदर गोल घेर काढलेला असतो आणि कापड असतं सरळ चौकोनी, मग त्या गोलाच्या बाहेरचं सगळं कचऱ्यात. आमच्या गल्लीतले शिवणकाम करणारे मास्तर ह्याला हसतात. ते म्हणतात कापड आधी बेतायचं, म्हणजे कुठला तुकडा कुठून निघेल ते कापडावर ठरवायचं, मग कात्री. आपली बंडी बघा, बाराबंदी बघा, कळीचा (बाजूंना वर अरुंद, खाली रुंद तुकडे लावलेला) कुर्ता बघा, सगळे तुकडे चौकोन नाहीतर त्रिकोण, कारण हातमागावर विणलेलं कापड फुकट घालवायची कुणाची ऐपतच नव्हती. आता ह्यालाच झीरो वेस्ट म्हणतात आणि त्याची वर्कशॉपं पैसे देऊन करावी लागतात, असो.

तर पहिलं काम साडी निवडायचं. दिवसा खिडकीसमोर दोघींनी दोन टोकं धरून साडी उजेडात बघा, जिथं विरलीय तिथं उजेड जास्त येतो, तिथं खडूने गोल करा. बहुतेक साड्या पायाशी, फॉलच्या जवळ आणि खांद्याला पिन लावतात तिथं गेलेल्या असतात. मग बोटांनी दोन्हीकडून जरा ताणून बघा, टर्र आवाज आला तर ती साडी कुर्त्याची नाही, ती गोधडीची, उगाच हट्ट करू नका. मी केला होता. आजीच्या एका फार आवडत्या साडीचा कुर्ता शिवला आणि पहिल्याच दिवशी बसमध्ये दांडी धरायला हात वर केला तेव्हा बगलेत फाटला.

दुसरं म्हणजे साडी खरंच सुती आहे का ते बघा. दुकानदार कॉटन म्हणून देतात आणि आत निम्मं पॉलिएस्टर असतं. कडेचे चार धागे उसवून चिमट्यात धरून जाळा (गॅलरीत, बाजूला पाण्याचा मग ठेवून). सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास आणि हलकी राखाडी राख, पॉलिएस्टर असेल तर वितळून काळा कडक मणी होतो आणि प्लास्टिकचा वास, रेशीम असेल तर केस जळल्यासारखा. दोन्ही दिशेचे धागे जाळायचे, उभे पण आणि आडवे पण, कारण कधीकधी ताणा एक असतो आणि बाणा दुसराच. पॉलिएस्टर निघालं तरी कुर्ता होतो, फक्त खाली जे रंगवायचं सांगितलंय ते त्याच्यावर चढत नाही.

आता बेतणं. हा भाग नीट वाचा, सगळं इथंच आहे. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर म्हणजे २१६ इंच, आणि पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, माझ्या साडीचा ४६ इंच होता. एका कुर्त्याला ८८ इंच लांबीचा तुकडा घ्यायचा. त्याचे पन्ह्यात तीन उभे पट्टे करायचे, १७, १६ आणि १३ इंचाचे. बेरीज करा, ४६ होतात, काही उरत नाही. (पन्हा ४४ असेल तर १६, १५, १३ करा.)

मधला १६ चा पट्टा म्हणजे पुढचा आणि मागचा भाग एकत्र, तो खांद्यावर नुसता दुमडायचा, खांद्याला शिवणच नाही. दुमडल्यावर ४४ इंच, खाली दुमड घालून कुर्ता ४२ च्या आसपास येतो.

१७ च्या पट्ट्यातून बाह्या. इथं काठ आहे, त्यामुळे बाहीची लांबी पट्ट्याच्या १७ इंचात घ्या म्हणजे काठ आपोआप मोहरीवर (बाहीच्या टोकाला) येतो, वेगळी लेस नको काही नको. घेराला १८ इंच, दोन बाह्यांचे ३६ झाले. उरला १७ बाय ५२ चा तुकडा, तो बाजूला ठेवा, लागणार आहे.

१३ च्या पट्ट्यातून कळ्या. ३६ इंच लांबीचे दोन तुकडे कापा. एका तुकड्यावर वरच्या कडेला एका कोपऱ्यापासून साडेतीन इंचावर खूण, खालच्या कडेला त्याच बाजूच्या कोपऱ्यापासून साडेनऊ इंचावर खूण, दोन्ही जोडून तिरकी रेघ, कापा. दोन कळ्या निघाल्या, एक उलटी फिरवली की दोन्ही सारख्या, वर साडेतीन खाली साडेनऊ. दुसऱ्या तुकड्यावर मात्र रेघ उलट्या दिशेने मारायची! म्हणजे पहिल्यात काठाच्या बाजूने वर साडेतीन आणि खाली साडेनऊ घेतलं असेल तर दुसऱ्यात काठाच्या बाजूने वर साडेनऊ आणि खाली साडेतीन. असं केलं तर काठाच्या दोन कळ्या डाव्या-उजव्या जोडीच्या निघतात आणि पुढच्या बाजूला मधल्या भागाला लागून दोन्हीकडे काठ सरळ खाली उतरतो. मी पहिल्यांदा दोन्ही सारख्याच कापल्या, मग एक काठ मधल्या भागाला लागला आणि दुसरा पार बाजूच्या शिवणीत गेला, आणि मी मैत्रिणींना ते डिझाईन आहे म्हणून सांगितलं. (साडीवर एकाच दिशेची नक्षी असेल तर उलटी फिरवलेली कळी डोळ्यात खुपते, अशा साडीला हा प्रकार करू नका.)

१३ च्या पट्ट्यात शेवटी १३ बाय १६ चा तुकडा उरतो, त्याचे दोन करून दुमडले की दोन खिसे. मोबाईल बसतो, मी मोजलाय. खिसा कळी आणि मधला भाग जिथं जुळतात त्या शिवणीत घाला.

बाजूला ठेवलेल्या १७ बाय ५२ मधून बगलेचे दोन चौकोन, पाच-पाच इंचाचे. हे टाळू नका, बाही सरळ असल्यामुळे हा चौकोन नसेल तर हात वर होत नाही आणि माझ्या बसमधल्या कुर्त्याचं मूळ दुखणं हेच होतं, जुनं कापड नुसतं निमित्त. त्यातूनच गळ्याला उरेप (तिरकी कापलेली) पट्टी, आणि खांद्याला आतून १६ बाय १० चा एक अस्तराचा तुकडा लावा, कारण जुनं कापड खांद्यावर आधी जातं. गळ्याचा कापलेला गोल उरतो, तो कापडी बटणांना जातो.

दोन कुर्त्यांना १७६ इंच गेले, ४० इंच उरले, त्यात पदर. विरलेले भाग मध्येच आले तर मात्र दोन कुर्ते होत नाहीत, एकच होतो, ते कबूल करून टाका. थोडंसं विरलेलं असेल तर ते कळीच्या खालच्या टोकाला जाईल असं बेता, बगलेत आणि बसायच्या जागी कधीच नको. हे सगळं आधी वर्तमानपत्रावर करून अंगाला लावून बघा, कात्री नंतर.

रंगवायचं असेल तर कापायच्या आधी, अख्खं कापड. आणि फक्त पांढरी किंवा फिकी साडी असेल तरच, रंगीत साडीला आहे तो रंग राहू द्या. माझे पहिले दोन प्रयोग हळद आणि बीट. बीट दोन धुण्यात गेलं. हळद सुंदर आली, फोटो काढले, आणि आठ दिवस उन्हात वाळत घातल्यावर निम्मी उडाली. ऑनलाईन दिसणारे बरेच व्हिडिओ रंग चढला तिथंच संपतात, पुढच्या महिन्यात काय झालं ते कुणी दाखवत नाही.

सुती कापडावर मला टिकलेली पद्धत सांगते. कोरडं कापड आधी वजन करा, सगळं प्रमाण त्याच्यावर. समजा ५०० ग्रॅम. धुण्याचा सोडा घालून तासभर उकळा, पाणी चहासारखं पिवळट होतं, ती जुनी खळ आणि मळ. मग १०० ग्रॅम हिरडा पावडर कोमट पाण्यात कालवून कापड रात्रभर बुडवून ठेवा. हिरड्यातलं टॅनिन सुताला धरतं आणि त्याच्यावर तुरटी धरते, नुसती तुरटी सुतावर नीट बसत नाही. हा आपल्या जुन्नर-आंबेगावच्या जंगलात गोळा करतात तोच हिरडा, आयुर्वेदिक दुकानात मिळतो. पिळून काढा, धुऊ नका, मग ७५ ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात पुन्हा रात्रभर. मग हलकं खळबळून रंगात.

रंग म्हणजे कांद्याची टरफलं, कापडाच्या वजनाइतकी. ५०० ग्रॅम टरफलं ऐकायला कमी वाटतात पण ती फुलासारखी हलकी, भलं मोठं पोतं भरतं. आमच्या मेसच्या काकूंना सांगून ठेवलं होतं आणि भाजीवाल्याच्या पाटीच्या तळाशी पण भरपूर असतात, तो हसत हसत फुकट देतो. तासभर उकळून गाळा, त्यात कापड घालून पाऊण तास मंद आचेवर, सारखं हलवत राहा नाहीतर डाग पडतात, मग त्यातच गार होऊ द्या. सोनेरी-केशरट रंग येतो. डाळिंबाच्या सालीने जरा हिरवट पिवळा येतो. सावलीत वाळवा आणि पहिले काही दिवस वेगळं धुवा.

त्याच पिवळ्यावर गडद रंग हवा असेल तर लोखंडाचं पाणी. गंजलेले खिळे, गूळ आणि पाणी मातीच्या किंवा प्लास्टिकच्या डब्यात पंधरा-वीस दिवस, झाकण सैल ठेवायचं कारण ते फसफसतं, आणि वास येतो, माझ्या रूममेटने डबा दोनदा बाहेर ठेवला. हे थोडंसं पाण्यात घालून कापड दोन-तीन मिनिटं बुडवलं की डोळ्यासमोर पिवळ्याचा शेवाळी होतो. हिराकसनेही (लोहाचा क्षार) होतं, पण ५०० ग्रॅमला १० ग्रॅमच्या वर जाऊ नका, लोखंड जास्त झालं की कापड कुजल्यासारखं होतं आणि जुनी साडी तर आधीच थकलेली. मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) वापरा असं काही ठिकाणी लिहिलेलं असतं, ते विषारी आहे, घरात आणूच नका. भांडी स्वयंपाकाची नाहीत, वेगळी. आणि बोअरचं पाणी असेल तर त्यात लोह असू शकतं, आधी छोटा तुकडा रंगवून बघा, माझा पहिला पिवळा त्याच्यामुळेच मळकट आला असणार. नैसर्गिक रंगात रंगवलेली खादी नीट बघायची असेल तर वर्ध्याच्या मगन संग्रहालयात जाऊन या, आपला रंग किती पाण्यात आहे ते कळतं.

शिवायला सुती दोरा घ्या. पॉलिएस्टर दोऱ्याने शिवून नंतर रंगवलं तर टीपा पांढऱ्याशुभ्र राहतात, हे पण मी करून बसलेय. वरच्या सगळ्या मापांत अर्धा इंच शिवणीचा धरलाय, त्यात फ्रेंच सीम बसते, आधी सुलट बाजूने पाव इंचावर टीप, मग उलटून पुन्हा पाव इंच, ओव्हरलॉकची गरज नाही आणि धागे निघत नाहीत. बगलेचा चौकोन पहिल्यांदा हाताने धावदोऱ्याने जोडून घ्या, मशीनवर तो कोपऱ्यात नक्की गोळा होतो. तयार कुर्ता छातीत ४० होतो. तुम्हाला सैल वाटला तर बाजूला आत घ्या पण कापू नका, आत माया (शिवणीपलीकडचं जादा कापड) राहू द्या. रेडिमेड कपड्यांत ती फारशी नसते आणि म्हणून दोन किलो वाढलं की कपडा जातो.

खर्च विचाराल तर शिलाई सोडून हिरडा, तुरटी, दोरा धरून मला दोनशेच्या आत पडलं. वेळ मात्र पहिल्याला तीन आठवडे गेला, त्यातला बराचसा लोखंडाचं पाणी तयार व्हायची वाट बघण्यात. हा कुर्ता विकायचा असेल तर हिशोब वेगळा करावा लागतो, कारण प्रत्येक साडी वेगळी फाटलेली असते आणि एकाच मापाचे दहा कुर्ते असं काही होत नाही. एका दुकानाने मला पन्नासची ऑर्डर देऊ केली होती आणि सगळे एकसारखे हवेत म्हणाले, मी नको म्हटलं.

फायनल इयरला मी तीन कुर्त्यांसोबत कातरण काचेच्या बरणीत भरून नेली, लोणच्याच्या. अर्धी बरणीसुद्धा भरली नव्हती. त्याच बाई होत्या, त्यांनी बरणी उचलून बघितली, आणि मग विचारलं, "पदराचं काय केलंस?" पदर आत्याकडे आहेत, ती गोधडीला वरून लावणारे, पण तिला अजून चार साड्यांच्या चिंध्या हव्यात.