आमसुलातलं मीठ आणि माझे चार महिने

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला चांदीचे नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, घेतलेल्यांसाठी लिहितेय. वनस्पतीच्या अर्काने सिल्व्हर नायट्रेटमधल्या चांदीचे कण कसे करतात हे तुम्हाला ठाऊक असणार, म्हणून थेट माझ्या चुकीकडे येते.

रत्नागिरीत राहून मी कोकम निवडलं. त्याच्या अर्काने कण करायचे आणि जठरात अल्सर करणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरीवर ते चालतात का बघायचं, असा बेत. जानेवारीत ताजे रातांबे कुठून मिळणार? आईने घरची आमसुलं दिली. ती उकळून, गाळून १ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेटमध्ये घातली. द्रावण लगेच गढुळलं आणि खिडकीत ठेवल्यावर जांभळट-करडं झालं. रंग बदलला म्हणजे कण झाले, असं मी वहीत लिहिलं. पुढचे चार महिने सरावासाठी ई. कोलाय या सहज वाढणाऱ्या जिवाणूच्या प्लेटा घातल्या; झोनही, म्हणजे जिवाणू न वाढलेली मोकळी वर्तुळं, ठळक यायचे.

आमसुलं वाळवताना मीठ लावतात. मिठातलं क्लोराइड चांदीशी मिळून सिल्व्हर क्लोराइडचा साका बसतो, आणि तो उजेडात आपोआप काळवंडतो. मी पाहिला तो रंग याचा होता. झोन उरलेल्या चांदीच्या आयनांमुळे आणि कोकमाच्या आंबटपणामुळेही येऊ शकतात. नुसता अर्क आणि नुसतं सिल्व्हर नायट्रेट शेजारी लावलं असतं, तर पहिल्याच आठवड्यात शंका आली असती. मी दोन्ही लावले नव्हते.

म्हणून आधी थोड्याशा अर्कात विरल नायट्रिक अ‍ॅसिडचे थेंब टाका, मग सिल्व्हर नायट्रेट. दह्यासारखा पांढरा साका आला तर तो अर्क फेकून द्या. बारावीतली क्लोराइड ओळखायची ही चाचणी मला आठवली नाही, याचं आजही वाईट वाटतं. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणीही खारट असू शकतं, त्यामुळे काचसामान शेवटी डिस्टिल्ड वॉटरनेच विसळा. कण झाले की स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे द्रावण कुठला प्रकाश किती शोषतं त्याच्या आलेखात, साधारण ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या दरम्यान शिखर दिसायला हवं. त्याआधी टीईएमला, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या फोटोंना, पैसे घालू नका. सेंट्रिफ्यूजमध्ये वेगाने फिरवून कण तळाशी बसवा, धुवा आणि वरचं पाणीही प्लेटवर लावा. त्यानेच जिवाणू मेले, तर श्रेय कणांचं नाही.

खरी परीक्षा पुढेच आहे. जठरातलं आम्ल म्हणजे हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, तिथेही क्लोराइड आहेच. प्लेटवर चाललेले कण त्यात गुठळ्या होऊन बसू शकतात. दोन पीएचच्या आम्लात तासभर ठेवून स्पेक्ट्रम पुन्हा घ्या. पायलोरी तर श्लेष्माच्या थराखाली, जवळपास उदासीन पीएचमध्ये राहतो. तिथवर कण पोचायला हवेत. हे न तपासता शीर्षकात ‘अल्सरवर उपाय’ लिहू नका. घरचं कोणी पित्तासाठी मागितलं तर थेंबही देऊ नका. चांदी पोटात जात राहिली तर कातडी कायमची निळसर पडू शकते.

पायलोरी वाढवण्याची सोय नसेल तर खचू नका. त्याला कमी ऑक्सिजन लागतो, वाढायला तीन ते पाच दिवस लागतात. १९८२ मध्ये तो शोधणाऱ्या मार्शल आणि वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनाही तो ईस्टरच्या सुट्टीत प्लेटा इन्क्युबेटरमध्ये जास्त दिवस राहिल्या म्हणून दिसला. २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ई. कोलायवर नीट केलेलं काम, तसं स्पष्ट लिहिलं तर, पूर्ण मानाचं आहे. गाइड निवडताना त्यांचं नाव किती मोठं हे बघू नका, ते तुमची प्लेट हातात घेऊन बघतात का हे बघा. माझ्या सहीच्या कागदांवर सह्या व्हायच्या, प्लेट कोणी पाहिली नाही.

एप्रिल-मेमध्ये रातांबे आले की सालं मिठाशिवाय वाळवून घ्या आणि पाऊस सुरू व्हायच्या आत हवाबंद डब्यात भरा.