कमरेला पिस्तूल लावताय? होल्स्टर घेताना या चुका टाळा

टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या पात्र माणसाला लायसन्सशिवाय हँडगन जवळ बाळगता येते, तेव्हापासून इथले ग्रीन कार्डवाले, सिटिझन झालेले आपले लोक मला विचारतात कुठलं पिस्तूल घेऊ. (एच-वन-बीवर असाल तर थांबा, तात्पुरत्या व्हिसावाल्यांना फेडरल कायद्याने मनाई आहे, अपवाद मोजकेच, आधी वकिलाशी बोला.) होल्स्टरचं, म्हणजे पिस्तूल ज्यात ठेवून कमरेला लावतात त्या म्यानाचं, मात्र कोणीच विचारत नाही आणि सगळा घोळ तिथेच होतो.

पहिली चूक मी स्वतः केली. कुठल्याही पिस्तुलाला बसेल असं मऊ नायलॉनचं स्वस्त होल्स्टर घेतलं. पिस्तूल बाहेर काढलं की त्याचं तोंड मिटायचं, परत घालताना कापडाची घडी आत वळायची आणि एकदा ती घडी थेट ट्रिगरपाशी दिसली. चेंबर (उडायच्या गोळीची नळीतली जागा) रिकामं होतं म्हणून वाचलो, पण हात बराच वेळ थरथरत होता. तेव्हा होल्स्टर तुमच्याच मॉडेलचं घ्या, कायडेक्ससारख्या कडक प्लास्टिकचं, ट्रिगर गार्ड (ट्रिगरभोवतीची कडी) पूर्ण झाकणारं, आणि पिस्तुलाला लाइट लावला असेल तर त्या लाइटसकट बसणारं. आत घालताना घाई नको, शर्ट नीट वर धरा, बघून सावकाश घाला.

बोचतंय, खाली ओघळतंय? नव्वद टक्के वेळा दोष बेल्टचा असतो हो! ऑफिसचा मऊ बेल्ट वजन पेलत नाही, कडक दीड इंची घ्या आणि पँट कमरेला एक-दोन इंच सैल. ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची मूठ, शर्टातून उठून दिसत असेल तर होल्स्टरला क्लॉ नावाचा छोटा जोड-तुकडा लावा, तो ग्रिप पोटाकडे दाबतो. पुढे पोटापाशी लावून गाडीत बसल्यावर टोचत असेल तर जरा सरकवा किंवा उजव्या कुल्ल्यामागे नेऊन बघा, आणि हे सगळं गोळ्या काढून, घरात, खुर्चीत बसून वाकून आधी करून पहा.

पर्समध्ये तर ठेवूच नका. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहोतल्या हेडनला दुकानात दोन वर्षांच्या पोराने आईच्या पर्समधलं पिस्तूल काढलं आणि ती आई तिथेच गेली, आणि ती पर्स खास पिस्तुलासाठीच बनवलेली होती. पिस्तूल अंगावरच असावं, अंगावरून उतरवलं की थेट कुलपात.