कोकमावरचं जुनं पुस्तक हवंय? मग 'कोकम' शोधू नका

जुनी वनस्पतींची नि औषधांची पुस्तकं कुठे मिळतात असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, शोधताय कुठल्या नावाने? मला कोकमावर छापलेलं जुन्यात जुनं काय आहे ते बघायचं होतं, कॅटलॉगमध्ये कोकम टाकलं, त्याचं लॅटिन नाव गार्सिनिया टाकलं, आलं ते सगळं अलीकडचं. मग डोक्यात आलं की गोव्यात या फळाला भिरंड म्हणतात, आणि पोर्तुगीजांनी त्याचंच ब्रिंदांव केलं. तो शब्द रोमन अक्षरांत टाकला आणि थेट गोव्यातल्या जुन्या पोर्तुगीज वैद्यापर्यंत, गार्सिया द ऑर्तापर्यंत पोचले! (गार्सिनिया हे नाव मात्र या गार्सियावरून नाही हं, लोरां गार्सँ म्हणून वेगळाच माणूस, यात बरेच जण फसतात.)

ऑर्ताचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापलं, दोघांच्या गप्पा अशा थाटात लिहिलंय. मूळ प्रत हाताळायला मिळेल ही आशा सोडा, गरजही नाही. लिस्बनची १८९१-९५ ची टिपांसकट आवृत्ती आहे, मार्कमचं १९१३ चं इंग्लिश भाषांतर आहे, इंटरनेट आर्काइव्ह या जुन्या पुस्तकांच्या वेबसाइटवर आधी तेच बघा. पण एक सांभाळा, कॅटलॉगमध्ये लेखक 'आब होर्तो' दिसला तर ते बहुतेक क्लुसियस या वनस्पतीतज्ज्ञाने १५६७ मध्ये अँटवर्पला काढलेलं लॅटिन रूप असतं, त्यात गप्पा कापून नुसती माहिती ठेवलीय. म्हणजे ऑर्ता, द ऑर्ता, होर्तो, सगळी स्पेलिंगं टाकून बघायची.

झाडांचंही तेच. गुळवेल लॅटिनमध्ये आज टिनोस्पोरा, त्याआधी कॉक्युलस, त्याच्याही आधी मेनिस्पर्मम, आणि जुन्या इंग्लिश पुस्तकांत सरळ गुलंच. शोधायला बसण्याआधी एका कागदावर जुनी लॅटिन नावं, संस्कृत, मराठी, कोकणी सगळं लिहून काढा, अर्धा तास जातो पण पुढचे चार दिवस वाचतात.

आता कपाट. ड्युई नंबर (म्हणजे विषयवार आकडे) लावणाऱ्या लायब्ररीत असं पुस्तक ५८१ला म्हणजे वनस्पतींत असेलच असं नाही, ६१५ला औषधांत असतं, आणि लेखक फिरस्ता असेल तर ९१५.४ला प्रवासवर्णनांत जाऊन बसलेलं असतं. तिन्ही बघा. आणि सगळं कॉम्प्युटरवर चढलेलं नसतं, कार्डांचे लाकडी ड्रॉवर अजून असतील तर तेही उघडा.

जायचं कुठे? पोर्तुगीज काळासाठी पणजीचं कृष्णदास शामा ग्रंथालय, १८३२ पासूनचं. इंग्रजी अमदानीतलं बघायचं तर मुंबईची एशियाटिक सोसायटी, हस्तलिखित पोथ्यांसाठी पुण्याची भांडारकर संस्था. आधी फोन करा, ओळखपत्र न्या, कॉलेजचं किंवा कुणाचं तरी पत्र मिळालं तर उत्तम, आणि पेन घरी ठेवून पेन्सिल न्या. फोटो काढू देतात का ते आधीच विचारून घ्या, मी एकदा (कुठे ते सांगत नाही) दिवसभर पानं हाताने उतरवली आणि निघताना कळलं की अर्ज दिला असता तर परवानगी मिळाली असती.

आणि हो, बाइंडिंग! पूर्वी चार-पाच पातळ पुस्तिका एकत्र शिवून टाकायचे आणि नोंद फक्त पहिलीची. मला एकदा लायब्ररीतल्या काकांनी गुरांच्या रोगांवरचं एक जाडजूड पुस्तक काढून दिलं, मी म्हटलं काका हे नको होतं, ते म्हणाले मागून उघडा. शेवटची सोळा पानं, मराठीत, घरगुती झाडपाल्याची. मुखपृष्ठ गायब, साल गायब. तेव्हा असं काही हाती लागलं तर दाखल नंबर (लायब्ररीच्या नोंदवहीतला), कितवी पुस्तिका, पहिली ओळ आणि शेवटची ओळ तिथल्या तिथे लिहून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी काकांनाही सापडणार नाही.