भाच्याची शेवरोले: जर्मनीत जुनी अमेरिकन गाडी घ्यायच्या आधी मांडायचा हिशोब

सोलापुरात अक्कलकोट रोडला माझं गॅरेज आहे. एकदा रात्री शटर ओढत होतो, तेवढ्यात श्टुटगार्टहून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. "मामा, शेवरोले बघितलीय. 1972 ची, व्ही-एट, 350 क्युबिक इंच. घेऊ का?"

मी विचारलं, "खाती किती?"

"मालक म्हणतोय, बारा माइल."

बारा माइल कुठल्या गॅलनला, हे त्याला सांगता येईना. म्हटलं, आधी वही घे, गाडी नंतर बघू. त्या रात्री जे मांडलं तेच इथं लिहितोय. तिकडं राहणाऱ्या आपल्या आणखी कुणाला अशी हौस आली तर उपयोगी पडेल.

पहिल्यांदा गॅलन मोडा. अमेरिकेचा गॅलन 3.785 लिटरचा, इंग्लंडचा 4.546 लिटरचा. अमेरिकन मालक माइल सांगत असेल तर 235 ला त्या आकड्यानं भागायचं, 100 किलोमीटरला किती लिटर लागतात ते निघतं. 235 भागिले 12 म्हणजे 19.6. आपल्या भाषेत लिटरला पाच किलोमीटर. इंग्लंडच्या मालकाशी बोलत असाल तर 235 च्या जागी 282 घ्या, नाहीतर गाडी आहे त्यापेक्षा शहाणी वाटेल.

हौसेची गाडी वर्षाला 3,000 किलोमीटर फिरेल असं धरलं. 588 लिटर झाले. लिटरला पावणेदोन युरो धरले तर 1,029 युरो. भाव वरखाली होतो, तुमच्या पंपावरचा आकडा टाका. आता यात एक गोम आहे. जर्मनीत पेट्रोलवर लिटरमागे 65.45 सेंट नुसता ऊर्जा कर असतो. तो भावाच्या टक्केवारीत नाही, ठरीव आहे, त्यामुळे पेट्रोल स्वस्त झालं तरी तो तेवढाच राहतो. कार्बनची आकारणी वेगळी आणि या सगळ्यावर पुन्हा 19 टक्के व्हॅट. आपल्या 588 लिटरवर एकटा ऊर्जा करच 385 युरोच्या घरात जातो. भाचा दोन आठवडे 'एच' प्लेटच्या, म्हणजे ऐतिहासिक गाडीच्या नंबरप्लेटच्या, 191 युरो टॅक्सची काळजी करत बसला होता. मी म्हटलं, अरे, त्याच्या दुप्पट तू पंपावरच देणार आहेस की!

तरी नंबरप्लेटचं प्रकरण हलक्यात घेऊ नका. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) नसलेल्या जुन्या पेट्रोल गाडीला जर्मनीत दर 100 सीसीला 25.36 युरो वार्षिक कर आहे आणि वरचे सुटे सीसीसुद्धा पूर्ण शंभर धरतात. 350 क्युबिक इंच म्हणजे साधारण 5,735 सीसी, म्हणजे 58 हिस्से, म्हणजे 1,470 युरो 88 सेंट. हाच आकडा 'एच' प्लेट मिळाली की 191 युरो 73 सेंटवर येतो, मग इंजिन केवढंही असो. शिवाय एच प्लेटच्या गाडीला जर्मन शहरांतल्या पर्यावरण झोनमध्ये जायला आडकाठी नाही.

ही प्लेट मिळते ती पहिल्या नोंदणीला 30 वर्षं झालेल्या, चांगल्या स्थितीतल्या आणि मूळ रूपातल्या गाडीला. तपासणारा अधिकृत इन्स्पेक्टर तसा लेखी अहवाल देतो. त्या काळातले बदल चालतात, आजचे नाहीत. इथंच आपली माणसं फसतात. भाच्याच्या डोक्यात नवी रुंद अलॉय चाकं होती. "चाकं बसव हौसेनं, पण आधी इन्स्पेक्टरला विचार," एवढंच सांगितलं. चाकांपायी वर्षाला तेराशे युरो घालवायला आपण काय साखरसम्राट आहोत का? गॅस किटचंही तसंच, आधी विचारा. गॅसवर लिटर जास्त जातात हेही धरा.

गाडी थेट अमेरिकेतून आणणार असाल तर तिचं वय आणि मूळपण कस्टममध्येही कामाला येतं. वय 30 च्या वर, चेसिस, स्टिअरिंग, ब्रेक, इंजिन मूळचं आणि ते मॉडेल बनणं बंद झालेलं, असं असेल तर संग्राहकाची वस्तू म्हणून जकात लागत नाही आणि आयातीचा व्हॅट 19 ऐवजी 7 टक्के. भाड्यासकट 20,000 युरोला पडलेल्या गाडीवर नुसत्या व्हॅटमध्येच 2,400 युरो वाचले. नेदरलँड्स आणि इंग्लंडमध्ये वार्षिक करमाफीसाठी 40 वर्षं लागतात, त्यामुळे जर्मनीचा हिशोब तिकडच्या मित्राला जसाच्या तसा सांगू नका.

आता पेट्रोल कुठलं? मालक म्हणाला, 98 ऑक्टेनचंच टाक. कशाला? जनरल मोटर्सनं 1971 पासून इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं ते साध्या, शिसं नसलेल्या पेट्रोलवर चालावीत म्हणूनच. अमेरिकेतल्या पंपावरचं 87 वेगळ्या पद्धतीनं मोजतात, ते युरोपातल्या 91-92 च्या आसपास बसतं. 95 भरपूर झालं. पण 'ई5' घ्या, म्हणजे पाच टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं; दहा टक्क्यांपर्यंतचं 'ई10' नको. इथेनॉलचं मला कुणी सांगायला नको. आमच्या जिल्ह्यात उसाच्या मळीपासून तेच निघतं आणि माझ्या जुन्या जीपचा पेट्रोलचा रबरी पाइप त्यानं असा फुगवला, की सात रस्त्यावर सिग्नलला वास आला आणि मी गाडी ढकलत बाजूला घेतली. पाइप आणि कार्बोरेटरची गॅस्केटं इथेनॉल सोसणारी टाकून घ्याच.

गाडी घेतल्यावर भाच्याचा रडका मेसेज आला, 23 लिटर जातायत. म्हटलं, प्लग काढ, फोटो पाठव. काळेकुट्ट, काजळी धरलेले. ऑटोमॅटिक चोक अर्धा मिटून अडकला होता. कार्बोरेटर क्लीनर मारून तो मोकळा केला. मग जॅकवर एकेक चाक हातानं फिरवून बघितलं, मागचा डावा ड्रम ब्रेक धरत होता. टायमिंग बघितलं, हवा भरली. 19 वर आली. त्या चार लिटरचे वर्षाला दोनशे युरोच्या वर होतात, म्हणजे एच प्लेटचा अख्खा टॅक्स निघाला.

शेवटची सोय सीझन प्लेटची. एप्रिल ते ऑक्टोबर सात महिन्यांची एच प्लेट घेतली तर कर 112 युरोच्या आसपास येतो. बाकीचे महिने गाडी रस्त्यावर चालवायची नाही, उभीसुद्धा करायची नाही. म्हणून आधी भाड्याचं गॅरेज बघा आणि ते भाडं जास्त होत असेल तर ही सोय सोडून द्या. विमा घेताना रोजची दुसरी गाडी आहे का, असं बहुतेक ठिकाणी विचारतात.

गाडी ठेवताना टाकी गळ्यापर्यंत भरायची, म्हणजे आत ओल धरत नाही. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडायची. ताईनं चाटी गल्लीतून दोन चादरी घेऊन पाठवल्या होत्या, भाच्यानं त्यातली एक बॉनेटवर टाकून फोटो पाठवला. लगेच फोन केला, आधी ती काढ, धूळ धरून रंगाला ओरखडे पडतील. थंडी आहे तिकडं, तूच पांघर.