शंभरची नोट आणि खिशातली चिल्लर घेऊन फोर्ट कसा फिरायचा

वीस वर्षं मुंबईत काढूनही फोर्ट म्हणजे सीएसएमटी ते ऑफिस आणि ऑफिस ते सीएसएमटी, एवढंच माहीत असलेली माणसं ढिगाने आहेत, त्यातलाच मी एक होतो. भाचीने विचारलं, मामा नोटा कुठे छापतात, मी बिनधास्त सांगितलं इथेच फोर्टात. साफ चूक! फोर्टातल्या टांकसाळीत नाणी पाडतात, नोटांचा छापखाना आपल्याकडे नाशिकरोडला. मग म्हटलं चला, तिला घेऊन एकदा नीट फिरूया, अर्धा दिवस पुरतो.

आधी वार बघा. शनिवार-रविवारी शेअर बाजार बंद, दलाल स्ट्रीटला काही मजा नाही, आणि सोमवारी रिझर्व्ह बँकेचं मॉनेटरी म्युझियम बंद. म्हणजे मंगळवार ते शुक्रवार, बँक हॉलिडे टाळून.

निघायच्या आधी घरीच शंभरची नोट काढा आणि मागच्या बाजूला डावीकडे बघा. पंधरा भाषांची पट्टी आहे, क्रम इंग्रजी एबीसीडीप्रमाणे, म्हणजे सुरुवात आसामी आणि शेवट उर्दू. मराठी आठवी. वरून मोजा नाहीतर खालून, बरोबर मधोमध! हिंदी-इंग्रजी या पट्टीत नाहीत, त्या नोटेवर वेगळ्या आहेत, म्हणून एकूण सतरा. पोरं सोबत असतील तर पट्टीतल्या देवनागरी ओळी शोधायला लावा, चार सापडतात, कोकणी, मराठी, नेपाळी, संस्कृत. आमच्या भाचीने नेपाळीची ओळ मराठी म्हणून ठोकून दिली होती.

आता चिल्लर. नाण्यावर साल असतं त्याच्या खाली बारीक खूण बघा, मोबाईलचा टॉर्च लागेल. पत्त्यातल्या चौकटसारखी खूण असेल तर नाणं मुंबईचं, चांदणी असेल तर हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता. चौकटवालं एक नाणं वेगळं काढून ठेवा.

सीएसएमटीला उतरून जीपीओवरून मिंट रोडने सरळ चालत या, रिझर्व्ह बँक लागते. बँक सुरू झाली १ एप्रिल १९३५ला, तेव्हा मुख्यालय कलकत्त्याला होतं, मुंबईला आलं १९३७ला. पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख, आपले रायगडचे, १९४३ला झाले. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. टांकसाळ जवळच आहे पण आत सोडत नाहीत, बाहेरूनच राम राम करायचा. म्युझियम मात्र सोडू नका, सर पी. एम. रोडला आहे, जुनी नाणी, हुंड्या, नोटा, तासभर सहज जातो.

मग एशियाटिक लायब्ररीच्या, म्हणजे जुन्या टाऊन हॉलच्या, तीस पायऱ्या. हा टाऊन हॉल १८३३चा, आत नाना शंकरशेटांचा संगमरवरी पुतळा आहे. पायऱ्यांवर बसून समोर हॉर्निमन सर्कलकडे बघा आणि जरा वेळ काढा, कारण शेअर बाजार इथे सुरू झाला, बिल्डिंगमध्ये नाही, वडाच्या झाडाखाली. १८५०च्या सुमाराला मूठभर दलाल टाऊन हॉलसमोर उभे राहून सौदे करायचे. पुढे १८६१ला अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस इंग्लंडला जायचा बंद झाला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, पैसा इतका आला की समुद्र हटवून जमीन करायच्या कंपन्या निघाल्या, बॅक बे कंपनीचा पाच हजाराचा शेअर पन्नास हजारापर्यंत गेला. १८६५ला युद्ध संपलं आणि सगळं धाडकन खाली! त्या सट्ट्याचे राजे प्रेमचंद रायचंद, तेही बुडाले. त्याच दलालांची संघटना १८७५ला उभी राहिली, तीच आजची बीएसई, म्हणजे मुंबई शेअर बाजार.

तिथून दलाल स्ट्रीट पायी काही मिनिटांवर. गेटवरचा ब्राँझचा बैल सोलापूरच्या भगवान रामपुऱ्यांनी केलाय, हे सोबतच्यांना जरूर सांगा, बहुतेकांना माहीत नसतं.

मग काळा घोड्यावरून ओव्हलला जा. राजाबाई टॉवर प्रेमचंदांच्याच पैशातून, त्यांनी दोन लाख दिले आणि अट एकच, आईचं नाव द्यायचं. १८७८ला पूर्ण झाला. आईला दिसत नव्हतं, टोल ऐकून ती सूर्यास्ताच्या आत जेवायची, असं सांगतात. खरंखोटं देव जाणे, पण गोष्ट छान आहे.

शेवट हुतात्मा चौकात. इथलं फ्लोरा फाउंटन १८६४चं, म्हणजे त्याच कापसाच्या तेजीतलं. पण बघायचं ते शेजारचं स्मारक, मशाल धरलेला शेतकरी आणि कामगार. चिंतामणराव देशमुख पुढे केंद्रात अर्थमंत्री झाले आणि १९५६ला मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हणून त्यांनी राजीनामा दिला. मुंबई मिळाली १ मे १९६०ला, त्याआधी संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात शंभराच्या वर माणसं गेली, हे स्मारक त्यांचंच. ही गोष्ट तिथे उभं राहूनच सांगा, घरी सोफ्यावर सांगून उपयोग नाही.

भाची पाच मिनिटं काही बोलली नाही, मग म्हणाली मामा भूक लागली. चर्चगेटच्या वाटेवर वडापाव घेतला, सुट्टे कमी पडले, पण ते चौकटवालं नाणं काही तिने दिलं नाही.