द्विभाषिक वस्तीच्या ग्रंथालयात रुजू होताना

द्विभाषिक वस्तीतल्या सार्वजनिक ग्रंथालयात नव्याने आलेला ग्रंथपाल पहिल्या महिन्यात बहुधा दोन गोष्टी करतो: दुसऱ्या भाषेतली पुस्तके मागवतो आणि दारावर दोन भाषांत पाटी लावतो. दोन्ही करायचेच आहे, पण त्याआधी एक कसोटी ठरवून घ्या. त्या भाषेच्या वाचकाला कोणाच्याही मदतीशिवाय पुस्तक शोधता, घरी नेता, मुदत वाढवता आणि तक्रार करता येते का? ‘त्या मॅडम आल्या की विचारा, त्यांना तुमची भाषा येते’ असे उत्तर जिथे मिळते, तिथे काम ओळखीवर चालले आहे असे समजावे. मॅडम रजेवर गेल्या की सेवा बंद.

व्यवस्थापनाला हे पटवताना दोन कागद हाताशी ठेवा. इफ्ला (ग्रंथालय संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) आणि युनेस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालय जाहीरनाम्यात (१९९४, सुधारित २०२२) भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष सेवा आणि साहित्य दिलेच पाहिजे असे म्हटले आहे. इफ्लाची बहुसांस्कृतिक समाजासाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९च्या तिसऱ्या आवृत्तीत मिळतात. निधी मागताना ‘आम्हाला वाटते’ यापेक्षा या कागदांचे वजन जास्त पडते.

आधी मोजणी

जनगणनेतला मातृभाषेचा आकडा सुरुवातीला उपयोगी असतो, पण कोण काय वाचू शकते हे त्यावरून कळत नाही. म्हणून तीन प्रश्न वेगवेगळे विचारा: घरात काय बोलता, सहज काय वाचता आणि मुले काय वाचतात. प्रत्येकाला एकाहून जास्त उत्तरे देण्याची मुभा हवी. ‘तुमची भाषा कोणती?’ असे एकाच ओळीत विचारले की लोक शाळेची किंवा प्रतिष्ठेची भाषा लिहून मोकळे होतात. अर्ज फक्त देवघेवीच्या टेबलावर ठेवला तर आधीपासून येणारेच तो भरतात. तेव्हा शाळेतली पालकसभा, दवाखान्यातली रांग, बाजार इथे जावे लागते. शंभर-दीडशे कुटुंबांची उत्तरे पहिल्या खरेदीची दिशा ठरवायला पुरेशी होतात.

हाती येणारे चित्र बहुतेक वेळा ओळखीचे असते. आजी-आजोबा एकच लिपी वाचतात, आईवडील दोन्ही वाचतात, मुलांना घरची भाषा समजते पण वाचता फक्त शाळेची लिपी येते. अशा वस्तीत नुसत्या कादंबऱ्या आणून भागत नाही. आजोबांसाठी मोठ्या टाइपातली पुस्तके आणि नियतकालिके लागतात, मुलांसाठी बोलती पुस्तके आणि दोन्ही भाषांचा मजकूर शेजारी छापलेली चित्रपुस्तके.

काय घ्यावे, काय नको

सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत वाईट खरेदी म्हणजे मोठ्या भाषेतल्या खपाऊ पुस्तकांचे अनुवाद. त्या भाषेच्या वाचकाला तिच्यातले मूळ लेखन हवे असते. पाककृती, आरोग्य, कायद्याची सोपी माहिती, स्पर्धा परीक्षांची पुस्तके आणि ताजी मासिके यांना कथा-कादंबऱ्यांइतकीच मागणी असते. छोट्या भाषांतल्या आवृत्त्या कमी प्रतींच्या निघतात आणि लवकर संपतात. वर्षातून एकदा मोठी यादी पाठवण्यापेक्षा दर तिमाहीला छोटी यादी पाठवावी, नाहीतर निम्म्या नोंदींपुढे ‘उपलब्ध नाही’ असा शेरा येतो.

जोडभाषिक चित्रपुस्तक उघडले की आधी दोन्ही मजकुरांचा आकार पाहा. एक ठळक आणि दुसरा फिकट, तिरपा असेल तर मूल दुसरा मजकूर वाचायचाच नाही असे शिकते. मग दुसऱ्या भाषेतली दोन पाने मोठ्याने वाचा. अनुवाद अडखळत असेल तर लगेच कळते. एक भाषा उजवीकडून डावीकडे लिहिली जात असेल, उदाहरणार्थ मराठी-उर्दू पुस्तकात, तर पुस्तक कोणत्या बाजूने उघडते आणि चित्रांचा क्रम कोणत्या भाषेबरोबर जातो हे तपासा. घाईने छापलेल्या पुस्तकात एका भाषेच्या वाचकाला शेवटचे चित्र आधी दिसते.

देणगीच्या पुस्तकांबाबत लेखी नियम आधीच करा. कोणी घर रिकामे करताना पाठवलेली तीन खोकी म्हणजे संग्रह नव्हे, आणि नकार देणे नंतर फार जड जाते.

तालिका (पुस्तकांची शोधसूची): इथेच बहुतेक ग्रंथालये कमी पडतात

पुस्तके आली, पण वाचक आपल्या लिपीत नाव टाइप करतो आणि पडद्यावर शून्य निकाल येतात. कारण बहुधा हेच की नोंद फक्त रोमन लिपीत केलेली असते. मार्क २१ या संगणकीय नोंदीच्या प्रमाण साच्यात नोंद करत असाल तर मूळ लिपीतले शीर्षक आणि लेखकाचे नाव ८८० या क्षेत्रात (क्रमांकाच्या रकान्यात) देऊन ते उपक्षेत्र ६ने २४५ (शीर्षक) आणि १०० (लेखक) या क्षेत्रांशी जोडता येते. मूळ लिपी थेट २४५मध्ये ठेवून रोमन रूप ८८०मध्ये टाकणारीही ग्रंथालये आहेत. दोन्ही चालते, पण एका ग्रंथालयात एकच पद्धत हवी.

भाषेचा संकेत ००८ क्षेत्राच्या ३५ ते ३७ या स्थानांवर जातो, आणि तिथे तीन अक्षरांचा एकच संकेत मावतो. द्विभाषिक पुस्तकाची दुसरी भाषा म्हणूनच हरवते. दोन्ही संकेत ०४१मध्ये वेगवेगळ्या उपक्षेत्र ‘ए’मध्ये भरा. पुस्तक अनुवादित असेल तर मूळ भाषा उपक्षेत्र ‘एच’मध्ये टाका आणि ५४६मध्ये वाचकाला समजेल असे वाक्य लिहा: ‘मजकूर मराठी व कन्नडमध्ये’. समांतर शीर्षक २४६मध्ये दिले नाही तर दुसऱ्या भाषेतल्या नावाने पुस्तक सापडत नाही. भाषेनुसार गाळणी लावण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असतेच, पण ०४१ रिकामे असेल तर ती निरुपयोगी ठरते.

त्यापुढचा गुंता युनिकोडचा, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला संकेतांक देणाऱ्या पद्धतीचा. ‘ऱ्य’ दोन पद्धतींनी टाइप होते: एकीत ऱ हे अक्षर वापरले जाते, दुसरीत साधा र आणि न दिसणारे जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला नाही. ‘ॲ’ हे एक संपूर्ण अक्षर आहे, तर काही जण ‘अ’वर चंद्र देऊन ते बनवतात. युनिकोडच्या प्रमाण रूपांतराने हे दोन्ही फरक मिटत नाहीत. त्यासाठी शोधयंत्रात वेगळा समानार्थी नियम लिहून घ्यावा लागतो. ‘हिंदी’ आणि ‘हिन्दी’ यांसारख्या लेखनभेदांनाही तोच उपाय. उर्दूच्या नोंदी अरबी कीबोर्डवरून भरल्या तर ‘ये’ आणि ‘काफ’चे संकेतांक वेगळे पडतात आणि पुस्तक असूनही सापडत नाही. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधल्या नोंदी जशाच्या तशा आयात करू नका. त्या रूपांतरित करा आणि दर शंभरातल्या दहा नोंदी डोळ्यांनी वाचून पाहा.

कोहा हे ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर वापरत असाल आणि शोध झेब्रा या शोधयंत्रावर चालत असेल, तर बिगर-रोमन लिप्यांसाठी आयसीयू (युनिकोड समजणारी) अनुक्रमणी चालू आहे की नाही हे तंत्रज्ञाला विचारा. ती नसल्यास शोध अर्धवट चालतो आणि दोष वाचकाच्या टायपिंगवर टाकला जातो.

हे सगळे तपासायला वीस मिनिटे पुरतात. दुसऱ्या भाषेतली दहा पुस्तके कपाटातून काढा, त्या भाषेच्या एखाद्या वाचकाला सार्वजनिक संगणकावर बसवा आणि ती शोधायला सांगा. तुम्ही मागे उभे राहून गप्प बसा.

मांडणीबद्दल मतभेद आहेत. पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देणाऱ्या ड्यूई दशांश पद्धतीत साहित्य भाषेनुसार वेगळे होते: मराठी ८९१.४६, हिंदी ८९१.४३, कन्नड ८९४.८१४. विज्ञान किंवा आरोग्य मात्र सर्व भाषांत एकाच क्रमांकाखाली येते. सगळे क्रमांकाप्रमाणे मिसळून ठेवले तर दुसऱ्या भाषेची पाचशे पुस्तके दहा हजारांत विरघळतात. आमचे मत असे की, कथा-कादंबऱ्या, बालपुस्तके आणि मासिके भाषेनुसार वेगळ्या कपाटांत, दर्शनी जागी ठेवावीत. संदर्भग्रंथ एकत्र असले तरी चालतात. कपाटांवर देशांचे झेंडे लावू नका. एक भाषा अनेक देशांत बोलली जाते, आणि ज्यांना तो देश सोडावा लागला त्यांना त्याचा झेंडा पाहून आपलेपणा वाटेलच असे नाही. भाषेचे नाव तिच्याच लिपीत लिहा, तेवढे पुरते.

पाट्या आणि अर्ज

आरक्षण, नूतनीकरण, विलंब शुल्क, अनामत, दाखल क्रमांक अशा तीस-चाळीस संज्ञांची दुभाषी यादी आधी ठरवा आणि पाटी, अर्ज, संदेश सगळीकडे तीच वापरा. यंत्रानुवाद मसुद्यापुरता ठीक आहे. छापण्याआधी ती भाषा रोज वापरणाऱ्या दोघांनी तो वाचला पाहिजे. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी तारीख टाका. नियम बदलला की मोठ्या भाषेतले पत्रक बदलले जाते आणि दुसऱ्या भाषेतले वर्षभर जुनेच वाटले जाते. ही चूक जवळजवळ प्रत्येक ग्रंथालयात होते, आणि दंडावरून होणारी भांडणे बऱ्याचदा तिथूनच सुरू होतात.

गोष्टींचा तास

तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी अर्धा तास पुरे, आणि सोबत पालक असतील तर पंधरा ते वीस मुले. दोन वर्षांखालील मुलांसाठी पंधरा-वीस मिनिटांवर जाऊ नये.

नवखे कथक (गोष्ट सांगणारे) हमखास एकच पद्धत धरतात: एक वाक्य एका भाषेत, लगेच तेच दुसऱ्या भाषेत. हे टाळा. मूल आपल्या सवयीच्या भाषेची वाट पाहते आणि दुसरी कानाआड करते. शिवाय गोष्ट दुप्पट लांबते, लय तुटते आणि दहाव्या मिनिटाला मागची मुले उठून जातात. त्याऐवजी एक पुस्तक पूर्ण एका भाषेत वाचा. आधी त्यातले पाच-सहा कळीचे शब्द वस्तू किंवा चित्रे दाखवून दोन्ही भाषांत म्हणवून घ्या, मग वाचताना हातवारे आणि चित्रे वापरा. दुसरे, छोटे पुस्तक दुसऱ्या भाषेत.

अर्ध्या तासाची एक चालणारी आखणी अशी: स्वागतगीत तीन मिनिटे, शब्दओळख तीन, पहिले पुस्तक सात, हालचालीचे बडबडगीत चार, दुसरे पुस्तक पाच, उरलेल्या वेळात चित्रकाम आणि पुस्तके घरी नेणे. स्वागतगीत आणि निरोपाचे गीत महिनोन्महिने तेच ठेवा. भाषा कच्ची असलेल्या मुलाला पुढे काय येणार हे त्यावरून कळते. एखादे पुस्तक लागोपाठ तीन आठवडे वाचले तरी मुले कंटाळत नाहीत. कंटाळतात ते मोठे.

दोन कथक असतील तर प्रत्येकाने एकच भाषा सांभाळावी. पालक हमखास विचारतात, घरी आम्ही कोणत्या भाषेत बोलावे? त्यांना सांगा, जी तुम्हाला सगळ्यांत चांगली येते तिच्यात. मोडक्या दुसऱ्या भाषेपेक्षा समृद्ध पहिली भाषा मुलाला जास्त देते.

पुस्तके कमी पडली तर ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेचे स्टोरीवीव्हर हे ऑनलाइन व्यासपीठ पाहा. त्यावरच्या बहुतेक गोष्टी क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यावर आहेत, त्यामुळे श्रेय देऊन त्या छापता आणि अनुवादित करता येतात. इतर पुस्तकांच्या वाचनाचे चित्रीकरण करून टाकण्याआधी प्रकाशकाची परवानगी घ्यावी.

मोठ्यांसाठी

संभाषणवर्ग सहा-आठ जणांचा आणि तासाभराचा ठेवा. अर्धा वेळ एका भाषेत, अर्धा दुसरीत, म्हणजे प्रत्येक जण थोडा वेळ शिकवणारा आणि थोडा वेळ शिकणारा असतो. एकतर्फी वर्गात शिकणारे दोन-तीन आठवड्यांत गळू लागतात. सूत्रधाराने प्रत्येक चूक सुधारू नये. अर्थ अडला तरच थांबवावे.

अर्ज भरायला मदत करताना सीमा स्पष्ट ठेवा. काय लिहिले आहे ते समजावून सांगायचे, काय लिहावे याचा सल्ला द्यायचा नाही. कागदपत्रांच्या प्रती आपल्याकडे ठेवायच्या नाहीत, आणि सार्वजनिक संगणकावरून वाचक उठला की त्याची सत्रे पुसायची. दवाखाना, कर्ज, घरगुती वाद अशा विषयांत मुलाला दुभाषा बनवू नका. मोठा माणूस मिळेपर्यंत थांबलेले बरे.

दुभाषी कर्मचारी एकच असेल तर प्रत्येक प्रश्न त्याच्याकडेच जातो आणि त्याचे नेमलेले काम मागे पडते. त्याच्या वेळा ठरवून दाराशी लावा. उरलेल्या वेळेसाठी टेबलावर पंधरा नेहमीच्या प्रश्नोत्तरांचे दुभाषी कार्ड ठेवा, ज्यावर बोट ठेवून काम भागते.

आकडे मांडताना

वर्षअखेरीस कोणीतरी म्हणेलच की दुसऱ्या भाषेची देवघेव फारच थोडी आहे. एकूण आकडे शेजारी ठेवू नका. दर पुस्तकामागे किती देवघेव झाली ते काढा. समजा ४०० पुस्तकांवर १,२०० देवघेवी झाल्या, तर प्रत्येकी ३. मोठ्या भाषेच्या १०,००० पुस्तकांवर १८,००० झाल्या, तर प्रत्येकी १.८. वाचनालयात बसून वाचलेल्या मासिकांची नोंद वेगळी ठेवा, कारण ज्येष्ठ वाचक घरी नेतच नाहीत. आणि जे पुस्तक कधीच बाहेर गेले नाही ते निर्लेखनाच्या (संग्रहातून काढून टाकायच्या पुस्तकांच्या) यादीत टाकण्याआधी त्याची तालिकेतली नोंद उघडून पाहा: त्याच्या लिपीत ते शोधता येत होते का?